खिडकीखालचं टेबल

शाळेत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर अर्थातच बाई. ज्या विद्यार्थ्यानं हे नाव पाडलं त्याची मुलगी आता त्याच शाळेत आठवीत होती, इतकं ते मुरलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. भौतिकशास्त्राच्या सरांना मुलं बेडूक म्हणत. त्या मानानं आपण स्वस्तात सुटलो, असं बाईंचं मत होतं.

हायस्कूल खासगी होतं. खासगी शाळेला पालकांना काहीतरी दाखवावं लागतं, आणि इथे दाखवायची गोष्ट एकच होती: शेवटच्या वर्षाची मुलं कुठल्या कॉलेजात गेली. दरवर्षी फाटकाशी त्याचा फलक लागे आणि पालक तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत. नामांकित कॉलेजं नुसत्या गुणांवर भुलत नसत. त्यांना अर्ज लागे, गुणपत्रक लागे, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागत, आणि वर मुलानं स्वतःविषयी लिहिलेला दोन पानी निबंध. आता सतराव्या वर्षी स्वतःविषयी दोन पानं लिहिण्याइतकं घडलेलं असतं कुणाच्या आयुष्यात? म्हणून शाळेत कॉलेज-मार्गदर्शनाची खोली होती, आणि त्या खोलीत सव्वीस वर्षं बाई होत्या.

खोली प्रयोगशाळेला लागून. भिंतींना गॅसचा बारीक वास. एका बाजूला कॉलेजांच्या शेवटच्या तारखांचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला वर्षावार फायलींचं लोखंडी कपाट, आणि उरलेल्या जागेत बाईंचं टेबल, तेही कपाटाकडे तोंड करून. खिडकी होती म्हणायला. छताला लागून, हातभर, दुधी काचेची. तिच्यातून उजेड यायचा, दिसायचं काही नाही.

बाईंची पद्धत ठरलेली होती. मुलानं मसुदा मोठ्यानं वाचायचा, बाईंनी डोळे मिटून ऐकायचा. मध्येच त्या हात वर करत आणि म्हणत, इथे तू नाहीस. की लाल पेन चाललंच. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा खोडलं होतं, की विज्ञानानंच त्यांच्यावर डूख धरायला हवा होता. खोडून झालं की त्या विचारत, अभ्यास कुठे करतोस, तुझं टेबल कुठे आहे? मुलगा काहीबाही सांगू लागे. बाई ऐकता ऐकता हळूच विचारत, खिडकी आहे ना तिथे? आपला निबंध ज्यांच्या हातात, त्यांना नाही कोण म्हणणार? मुलं मान डोलावत.

भौतिकशास्त्राचे सर मात्र बाईंच्या डोक्याला ताप होते. ते प्रत्येक शिफारसपत्रात ‘विद्यार्थी शिस्तप्रिय व होतकरू आहे’ एवढंच लिहीत, नाव तेवढं बदलून. बाई दरवर्षी त्यांना फैलावर घेत. सगळीच मुलं होतकरू कशी हो सर, एखादा तरी निराळा दिसला नाही का तुम्हाला? सर कान पाडून ऐकत आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच लिहून देत.

त्या वर्षी एका मंगळवारी समुद्रकाठच्या मोठ्या कॉलेजातून प्रवेश विभागाच्या एक अधिकारी शाळेत आल्या. साठीच्या, हसऱ्या, पायात कापडी बूट. सभागृहात मुलांशी बोलून झाल्यावर त्या चहाला बाईंच्या खोलीत बसल्या. या शाळेचे निबंध आपण अकरा वर्षं वाचतोय असं त्यांनी सांगितलं, तेव्हा बाईंना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. मग पाहुण्यांनी कप खाली ठेवला.

“एक विचारू? रागावू नका. तुमच्या गावात सगळ्या घरांत टेबल खिडकीखालीच ठेवतात का?”

बाई हसल्या, पण त्यांना काही उमगलं नाही. पाहुण्यांनी उलगडून सांगितलं. पोहणाऱ्या मुलाच्या निबंधात खिडकीखाली टेबल होतं, डॉक्टर व्हायचं असलेल्या मुलीच्या निबंधात होतं, गेल्या वर्षीच्या जुळ्यांत तर एकाच घरात दोघांचं वेगवेगळ्या खिडकीखाली होतं. त्यांच्या कार्यालयात आता या शाळेचं पाकीट उघडलं की कुणीतरी म्हणतंच, आली बघा खिडकी.

“वाईट नाही हो, छानच असते,” त्या म्हणाल्या. “फक्त मुलं एकमेकांपासून ओळखू येत नाहीत.”

बाईंनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, हसून निरोप दिला, परत येऊन दाराला कडी लावली आणि कपाट उघडलं. पहिल्याच फायलीत तिसऱ्या निबंधात खिडकी सापडली. मग सापडतच गेली. कुठे तिच्यातून पाऊलवाट दिसत होती, कुठे नुसतं आभाळ, पण खाली टेबल होतंच आणि टेबलावर दिवा. एक निबंध हातात आला तेव्हा त्यांना तो मुलगा स्पष्ट आठवला. दुकानामागच्या एका खोलीत राहणारा. तो म्हणाला होता, बाई, आमच्याकडे खिडकी नाही. आणि बाई म्हणाल्या होत्या, दारातून उजेड येतो ना, मग झालं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. खरं लिहा, खरं लिहा म्हणून पोरांच्या मागे लागणाऱ्या बाईंनी त्या पोराच्या घराला आपल्या हातानं भोक पाडलं होतं.

मधल्या सुट्टीत सर शिफारसपत्रांचा गठ्ठा द्यायला आले. तुम्हाला हे माहीत होतं का, असं बाईंनी विचारलं. सर आधी चाचरले. मग म्हणाले, मुलांना तर सगळ्यांनाच माहीत आहे. कात्रीला खिडकी आवडते, असं वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना सांगून ठेवतात. बोलून गेल्यावर आपण बाईंना कात्री म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते गठ्ठा तिथेच टाकून सटकले. सगळ्यात वरच्या पत्रात विद्यार्थी होतकरू होता. बाईंनी त्या दिवशी तो तसाच राहू दिला.

हे टेबल कुठून आलं हे त्यांना शोधत बसावं लागलं नाही. ते त्यांच्या सगळ्यात खालच्या खणात, एका पिवळ्या पडलेल्या पाकिटात होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी त्या कुणाच्या बाई नव्हत्या. घरात धाकट्या भावाची ताई होती, अठरा वर्षांची, आणि तिला समुद्रकाठच्या ह्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पत्रासोबत एक माहितीपत्रक आलं होतं. त्यात वसतिगृहाच्या खोलीचं चित्र होतं: खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, आणि खिडकीच्या बाहेर नुसता पांढरा लख्ख उजेड. कॉलेज समुद्रावर, म्हणजे तो उजेड समुद्राचाच, हे तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तिचे वडील छापखान्यात प्रूफं तपासत. त्यांची नजर कधीपासूनच अधू होत चालली होती आणि हे फक्त तिला ठाऊक होतं, कारण घरी आणलेली प्रूफं तीच त्यांना वाचून दाखवी. ती वाचायची, ते ऐकून चूक सांगायचे, ती लाल शाईनं खूण करायची, हुबेहूब त्यांच्या हातची वाटेल अशी. छापखान्यात कुणाला पत्ता नव्हता. ती गेली असती तर महिनाभरात बिंग फुटलं असतं. पत्र आलं तेव्हा वडील समोरच बसले होते. त्यांनी कागद हातात घेऊन चाचपला, कागद उंची आहे म्हणाले, आणि विचारलं, काय आहे ग हे?

“काही नाही बाबा, जाहिरात आहे,” ती म्हणाली.

पत्राला उत्तराची चिठ्ठी जोडलेली होती. तिच्यावर छापलं होतं: मी येणार / येणार नाही. नको ते खोडून, सही करून पाठवायचं. तिनं काहीच खोडलं नाही. येणार म्हणता येत नव्हतं आणि येणार नाही म्हणायला हात उचलत नव्हता. तारीख उलटून गेली. पुढे जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं खोडणाऱ्या बाईंना त्या दिवशी दोन शब्द खोडता आले नाहीत. तिला कुणी अडवलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अडवलं असतं तर भांडता आलं असतं, निदान मनात कुणावर राग धरता आला असता. वडील मानानं निवृत्त झाले आणि ते पत्र कसलं होतं हे न कळताच गेले. भाऊ दूरच्या शहरात शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा अर्ज तिनंच भरला होता. ती घरी राहून शिकली, शिक्षिका झाली, आणि आईला सोबत झाली.

पण ती खोली काही तिला सोडेना. शाळा रिकामी झाली की बाई कपाटाकडे बघत बसत आणि तिथे जाऊन येत. वह्या टेबलाच्या डाव्या बाजूला, शब्दकोश उजव्या. पलीकडच्या खाटेवरची मैत्रीणसुद्धा त्यांनी ठरवून टाकली होती, झोपेत बडबडणारी. इतक्या वर्षांत शाळेनं त्यांना मुलांबरोबर ते कॉलेज बघायला पाठवायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पुढे केलं. त्यांना ते कॉलेज बघायचं नव्हतं. त्यांना तिथे राहायचं होतं.

आता मंगळवारच्या या प्रकारात खरी गोम अशी, की शुक्रवारी त्याच कॉलेजाची शेवटची तारीख होती आणि तिथे अर्ज करणारी शाळेतून या वर्षी एकटीच होती: शाळेच्या बसड्रायव्हरची मुलगी. ती शिष्यवृत्तीवरच जाऊ शकणार होती आणि त्या कॉलेजात शिष्यवृत्ती निबंधावर ठरे. बाईंनी तिचा निबंध आठवड्यापूर्वीच तासून, घासून ठेवला होता. ‘पहाटेच्या उजेडात खिडकीखालच्या टेबलाशी बसते तेव्हा’ अशी त्याची सुरुवात होती.

तिनं स्वतः लिहिलेल्या मसुद्याचं पहिलं वाक्य वेगळं होतं: ‘बसमध्ये वाचलं की मला उलटी होते.’ ते वाचून बाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता आणि सबंध पानावर आडवी रेघ मारली होती. बुधवारी सकाळी त्यांनी ते पान पुन्हा काढलं आणि रेघेखालचं नीट वाचलं. मुलीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात पहाटेच कामाला जाई, म्हणून ही पाचवीपासून वडिलांबरोबर बसमध्ये बसे, सगळ्यांच्या आधी, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर उतरे. रोजचे तीन तास. वाचलं की मळमळे. मग तिनं युक्ती काढली. बस सुटायच्या आधी दिव्याखाली एकच गणित पाठ करायचं आणि ते डोक्यातल्या डोक्यात सोडवत बसायचं. दहाव्या थांब्यावर पोरांचा गोंगाट सुरू होई, त्याच्या आत उत्तर निघालं पाहिजे. त्यामुळे तिला पायऱ्या लिहायची सवयच लागली नाही. ती एकदम उत्तर लिही, आणि भौतिकशास्त्राच्या सरांनी तिला दोनदा कॉपी केली म्हणून उभं केलं होतं.

हे एवढं सगळं बाईंनी खोडलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुलीला बोलावलं, तिचं पान तिच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, हेच नीट लिहून आण. मुलगी खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला.

“पण बाई, तुम्ही लिहिलेलं छान आहे.”

“ते खोटं आहे.”

मुलीनं पान बोटानं थोडं बाजूला सारलं. मग म्हणाली, “आमच्याकडे टेबल नाहीये. पण मला हवंय. हवंय ते लिहिलं तर खोटं कसं?”

बाईंनी कपाटाकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं.

“तुला हवंय ते खरं आहे ग,” त्या म्हणाल्या. “पण ते टेबल तुझं नाही. ते माझं आहे.”

आणि त्यांनी खण उघडला. जे आईला सांगितलं नव्हतं, भावाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी बसड्रायव्हरच्या मुलीला मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत सांगितलं. मुलीनं चित्र बघितलं, चिठ्ठी उलटीसुलटी करून बघितली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ही अजून चालेल का? बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. घंटा झाली म्हणून बरं.

गुरुवारी मुलगी त्यांच्यासमोर बसून लिहीत होती आणि बाईंनी लाल पेन खणात टाकून खणाला कुलूप लावलं होतं. आलेली शिंक दाबून धरणं सोपं, हे त्याहून अवघड होतं. एके ठिकाणी वाक्य पार लंगडत होतं. बाईंनी ते लंगडू दिलं. मुख्याध्यापकांनी सहीच्या आधी पहिली ओळ वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. शाळेच्या नावानं आता उलट्या पाठवायच्या का, असं ते म्हणाले. काही बिघडलं तर माझ्या नावावर घाला, असं सांगून बाईंनी सही घेतली. पाकीट शुक्रवारी दुपारी गेलं आणि पुढचे दीड महिने शाळेचं टपाल रोज बाईच आधी चाळत. मुलगी राहिली तर आपल्यामुळे राहिली. त्यांच्या खिडकीच्या जोरावर निदान इतकी वर्षं मुलं जात तरी होती.

मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. शाळेच्या आवारात हॉर्न वाजवायला सक्त मनाई होती. त्या दिवशी ड्रायव्हरनं फाटकातून आत शिरताना तो दोनदा वाजवला आणि मुख्याध्यापकांना तो ऐकू आला नाही. सर खोलीत डोकावून म्हणाले, तिचा निबंध वाचून आपण तिचं शिफारसपत्र नव्यानं लिहिलं होतं, त्यात होतकरू हा शब्द घातला नव्हता, काय घालावं ते न सुचून तिची दोनदा माफीच मागितली होती. बाईंनी त्यांना बसवून चहा पाजला.

मुलगी निघाली तेव्हा बाईंना तिच्याकडे एक मागायचं होतं. ओठांवर आलं होतं. त्यांनी फक्त तब्येतीला जप म्हटलं.

दोन महिन्यांनी तिचं पत्र आलं. दुपारची वेळ होती, बाहेर बाकावर एक मुलगा आपला मसुदा घेऊन बसला होता. बाईंनी पत्र फोडलं. मुलीनं लिहिलं होतं, की तिला टेबल मिळालंय, पण ते दाराजवळ आहे. ते बससारखं हलत नाही म्हणून सुरुवातीला गणितं सुटेनात. आता ती पाय हलवत बसते, मग सुटतात. खाली पुढे होतं:

‘बाई, चित्रातली तुमची खोली मी शोधली. जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतात, पण टेबल अजून आहे. मी त्याच्याशी बसून बघितलं. खिडकीतून समुद्र दिसत नाही. पलीकडच्या इमारतीची पांढरी भिंत दिसते, अगदी जवळ. पहारेकऱ्यांना विचारलं तर म्हणाले, भिंत पहिल्यापासूनच आहे. तुम्हाला कळवावं की नाही कळत नव्हतं. पण तुम्हीच सांगितलंत, आहे ते लिही.’

बाई खळखळून हसल्या. बाहेरचा मुलगा दचकला. छत्तीस वर्षं एका भिंतीकडे बघत काढली म्हणायची! सव्वीस वर्षं पोरांना तीच भिंत वाटून दिली! हसून झाल्यावर त्या वाट बघत बसल्या. आता कसं मोकळं वाटायला हवं होतं. समुद्र नव्हताच, म्हणजे फार काही हुकलं नाही, असं म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडेना.

कारण भिंत तर भिंत. तिच्याकडे बघत तिनं अभ्यास केला असता. सकाळी भिंतीवर ऊन आलं की उठली असती. डावीकडे वह्या ठेवल्या असत्या, उजवीकडे शब्दकोश, आणि झोपेत बडबडणारी ती मैत्रीण एक दिवस म्हणाली असती, कसली ग ही खिडकी, समोर भिंतच आहे नुसती. आणि दोघी हसल्या असत्या. समुद्राशी तिचं काही अडलं नव्हतं. तिला जायचं होतं.

बाईंनी खालचा खण उघडून चिठ्ठी काढली. लाल पेन घेतलं. आणि पट्टी लावून, पोरांच्या निबंधात मारत तशी सरळ रेघ मारली. ‘येणार नाही’ खोडलं. खाली अठराव्या वर्षीची सही करायला गेल्या, ती आठवेना, म्हणून आताचीच केली.

शाई वाळेपर्यंत चिठ्ठी टेबलावर उघडी ठेवली. मग त्यांनी ती पाकिटात घातली, खण लावला आणि बाहेरच्या मुलाला आत बोलावलं.